साडेतीन ढेपांचे शॉकअब्सॉर्बर

शॉकअब्सॉर्बर या विषयात त्या काळी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मला तोड नव्हती! हे मी स्वतःच सांगतोय म्हणून नाक मुरडू नका. दुसरं कोण सांगणार? लष्कराच्या वर्कशॉपात मी नऊ वर्षं ट्रकांच्या आणि जिपांच्या पोटाखाली उताणा पडून काढली होती. कर्नलसाहेबांची जीप माझ्या हाताखालून गेली की साहेब लडाखच्या रस्त्यावरसुद्धा तिच्यात बसून घोरायचे. चौऱ्याहत्तर साली सुटून घरी आलो, साताऱ्यात हमरस्त्याला गॅरेज टाकलं आणि स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: ‘येथे गाड्यांचे धक्के काढून मिळतील.’

त्या पाटीखाली माझी स्वतःची गाडी उभी असायची. आणि काय गाडी! लालभडक, विलायती, वर छप्पर नाही, पुढे हातभर लांब नाक, आत फक्त दोन सीटा आणि त्याही इतक्या खाली की बसल्यावर रस्त्यावरची कोंबडी आपल्या डोळ्यात डोळे घालून बघते. पाचगणीच्या एका पारशीबाबांनी तरुणपणी ती शर्यतीत पळवली होती. म्हातारपणी तिच्यात बसलं की त्यांना उठता येईना, म्हणून त्यांनी ती मला देऊन टाकली. उठता येईना या गोष्टीवर मी तेव्हा हसलो होतो.

गाडीत एकच खोट होती. तिचे शॉकअब्सॉर्बर मेलेले होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंग एकदा दबली की उसळत राहते, कुठं थांबायचं ते तिला कळत नाही. तिला धरून गप्प बसवतो तो शॉकअब्सॉर्बर. नवराबायकोच्या भांडणात शेजारची पोक्त बाई येऊन जे काम करते, तेच. माझ्या गाडीत ती पोक्त बाई उरली नव्हती. एका खड्ड्यात दबलेली गाडी पुढचा खड्डा येईपर्यंत डुलत जायची. मला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं. लष्करातल्या माणसाला काही वाटत नसतं. पण मग अंजनाचं स्थळ आलं.

अंजना कवठे महांकाळच्या दादासोंची मुलगी. बघायला गेलो तेव्हा चहाची कपबशी माझ्या हातात देताना तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. दारातून बाहेर उभी असलेली लाल गाडी पाहिली. आणि सगळी वडीलधारी माणसं बसलेली असताना सरळ विचारलं, “ही बायकांस्नी चालवाया येती का?” संपलं! माझ्या काळजाची स्प्रिंग तिथंच दबली आणि तिला धरायला शॉकअब्सॉर्बर नव्हता.

पत्रिका जुळली, पाहुणे जुळले, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकमेकांची तंबाखूसुद्धा आवडली. मग दादासो घसा साफ करून म्हणाले की आमच्याकडून सगळं ठरल्यात जमा आहे, आता फक्त धोंडूआत्या घर बघून येतील. एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. बैठकीतली बाकीची माणसंही आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागली.

धोंडूआत्या म्हणजे दादासोंची थोरली बहीण. त्या घरात आत्यांच्या शब्दाशिवाय बैल विकला जात नव्हता की पोरगी दिली जात नव्हती. पूर्वी एका निवडणुकीत मतदानाला न्यायला आलेल्या जिपेनं त्यांना ओढ्यात असं आदळलं होतं की आत्यांची कंबर तेव्हापासून धरलेली होती. मत देऊन त्या घरी आल्या त्या बैलगाडीत आडव्या. पुढं त्यांनी जीप, मोटार, एसटी सगळं वर्ज्य केलं. फक्त मिरजेची छोटी आगगाडी चालायची, कारण ती इतकी हळू जायची की धक्का बसायला तिला वेगच नव्हता. या कंबरेतूनच आत्यांचा एक सिद्धांत निघाला होता. ज्या घरातली गाडी आदळती, त्या घरातली माणसंही आदळआपट करत्यात. या सिद्धांतावर त्यांनी अंजनाची दोन स्थळं मोडली होती. एक ट्रॅक्टरवाला होता आणि दुसऱ्याची फटफटी होती.

आता शहाण्या माणसानं अशा वेळी गप्प बसावं की नाही? पण शॉकअब्सॉर्बरचा विषय निघाला की माझी जीभ माझी राहत नाही. मी उठून उभाच राहिलो आणि म्हणालो, “आत्यांना घर बघायला मी माझ्या गाडीतून नेतो. दुधानं भरलेला तांब्या त्यांच्या मांडीवर द्या. साताऱ्यापर्यंत थेंब सांडला, तर लग्न मोडलं म्हणून समजा!”

आतल्या खोलीतून आत्यांचा आवाज आला, “चालंल.”

निघताना अंजना पानसुपारीचं तबक घेऊन आली. तबक पुढं करत, ओठ न हलवता म्हणाली, “तांब्याचं कुणी सांगितलं हुतं बोलायला? आता तुमी फकस्त आत्याची कंबर सांभाळा. बाकी समदं मी सांभाळते.”

साताऱ्याला परत येईपर्यंत गाडी डुलत होती आणि मी तिच्यात बसून ओरडून गाणी म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी पाचगणी गाठली. पारशीबाबांचा पुतण्या मुंबईत अजून गाड्यांच्या शर्यती खेळायचा, त्याच्याकडे विलायतेहून आणलेले चार शॉकअब्सॉर्बर पडून होते, ते बाबांनी मागवून दिले. जुने होते ते चपटे, हातासारखी दांडी असलेले. हे नवे सायकलच्या पंपासारखे लांबडे, आणि प्रत्येकाच्या बुडाशी एक दातेरी चकती! चकती उजवीकडे फिरवली की शॉकअब्सॉर्बर कडक, डावीकडे फिरवली की मऊ. एकेका दाताला टक्‌ करून असा गोड आवाज यायचा की मी पहिल्या रात्री जेवताना एक मांडीवर घेऊन बसलो होतो. आई म्हणाली, “लग्नाआधीच पोर झालं व्हय रं?”

बसवण्याचं काम गुंडानं केलं. गुंडा माझा गॅरेजातला भागीदार, अंगानं काडी, पण वेल्डिंगला बसला की लोखंड त्याचं ऐकतं. नव्या शॉकअब्सॉर्बरला गाडीत जागाच नव्हती, ती त्यानं पट्ट्या जोडून केली. मग आम्ही चाचणी घ्यायची ठरवली. गुंडाला सीटवर बसवला, मांडीवर दुधाचा तांब्या दिला आणि यवतेश्वरच्या घाटाला गाडी घातली. पहिल्या वळणावर दूध गुंडाच्या विजारीवर. चकती कडक केली. दूध गुंडाच्या तोंडावर. मऊ केली. दूध माझ्या तोंडावर! गवळ्याला वाटलं आमच्याकडे बारसं आहे. शेवटी एक दात असा सापडला की गाडी खड्ड्यातून गेली आणि तांब्यातलं दूध नुसतं थरथरलं. थेंबसुद्धा सांडला नाही! आम्ही घाटात गाडी थांबवून एकमेकांना मिठ्या मारल्या आणि ते दूध पिऊन टाकलं.

त्याच आनंदात घरी येऊन मी आईला गाडीत घातलं. आमची मनुबाई म्हणजे दोन गुंडे आणि वर एक तांब्या. कोपऱ्यावरच्या गटारीशी पोचेपर्यंत तिच्या लुगड्याला अभिषेक झाला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रत्येक वजनाचा दात निराळा! आई आणि गुंडा यांना आलटून पालटून बसवून मी गणितच मांडलं. अमुक वजन, तर अमुक दात. गणित पक्कं झालं. आणि मग गुंडानं तो प्रश्न विचारला.

“सया, आत्याचं वजन किती?”

आत्यांना मी बघितलंच नव्हतं, नुसता आवाज ऐकला होता. आवाज चांगला वजनदार होता, पण आवाजावर दात लावता येत नाही. बरं, विचारायचं कुणाला? आमच्या भागात माणसाचं वजन विचारत नाहीत. विचारलं तर नजर लावायला आला म्हणतात. त्यातून मुलीच्या आत्याचं वजन, तेही होणाऱ्या जावयानं विचारायचं? तांब्या राहिला बाजूला, माझ्याच डोक्यात कुणीतरी तांब्या घातला असता.

अशा वेळी मला केरबा आठवला. केरबा माझा लहानपणचा गाववाला. सांगलीच्या गूळपेठेत तोलार होता, म्हणजे दिवसभर गुळाच्या तीस-तीस किलोच्या ढेपा काट्यावर चढवायच्या आणि वजन ओरडून सांगायचं. आणि आत्या कंबरेला तेल लावून घ्यायला छोट्या आगगाडीनं मिरजेला आणि तिथून टांग्यानं सांगलीला यायच्या, ते ज्या हाडवैद्याकडे, तो गूळपेठेच्या पाठीलाच राहायचा! देवच माझ्या बाजूनं होता की नाही सांगा. केरबाला बेत सांगितला तर तो छाती ठोकून म्हणाला की म्हातारीला काट्यावर बसवतो, तोलतो आणि उठवतो, तिला कळायचं पण न्हाई.

ठरल्या दिवशी मी पेठेत पोत्यांच्या थप्पीमागे लपलो. केरबानं टांगा थांबवला, साताऱ्याच्या पाहुण्यांचा गाववाला म्हणून आत्यांना सावलीत बोलावलं, पाणी दिलं. मी थप्पीच्या फटीतून पहिल्यांदा आत्या पाहिल्या. चांगल्या भरभक्कम. पण अंदाज काही बांधता येईना, कारण नऊवारी लुगड्यात माणूस किती आणि लुगडं किती, हे कुणाला सांगता आलंय? पेठेतला काटा म्हणजे तुळईला टांगलेला मोठा लाकडी दांडा आणि दोन्हीकडे साखळ्यांना लटकलेल्या फळ्यांची पारडी. एका पारड्यावर केरबानं पोतं अंथरलं आणि म्हणाला, “टेका आत्या, पाय दुखलं असतील.” आत्या टेकल्या. केरबानं हळूच मागे जाऊन दुसऱ्या पारड्यात एक ढेप ठेवली. मग दुसरी ठेवली. आत्यांचं पारडं जमिनीवरून किंचित हललं.

आत्यांनी वर बघितलं. मग खाली बघितलं. मग ढेपांकडे बघितलं.

“मला तोलतुयास व्हय रं?”

पेठेतले हमाल जागच्या जागी थांबले. केरबानं त्या वेळी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. काटा दुरुस्त करतोय म्हणायचं, चुकून ठेवली म्हणायचं. पण त्याच्या तोंडातून निघालं, “व्हय आत्या. साताऱ्याच्या पाव्हण्यांनी तुमची गूळतुला बोललीया.”

गूळतुला! बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडे एखाद्या थोर माणसाला पारड्यात बसवतात, दुसऱ्या पारड्यात त्याच्या भारंभार गूळ चढवतात आणि तो गूळ गावाला वाटतात. पुढाऱ्यांची करतात, दुखण्यातून उठलेल्याची करतात, नवसाच्या पोराची करतात. पण मुलीच्या आत्याची गूळतुला होणाऱ्या जावयानं करायची, हे आजवर दोन्ही जिल्ह्यांत कुणी ऐकलं नव्हतं. आत्यांनी पदरानं डोळे टिपले. सगळी हयात मी दुसऱ्यांचं केलं, असं काहीसं त्या पुटपुटल्या, माझं कुणी असं केलं न्हाई. मीसुद्धा पोत्याला नाक पुसलं, थप्पीमागे.

आणि मग आत्या टुणकन पारड्यावरून उतरल्या! “पर हितं माशांत न्हाई बसायची मी,” त्या म्हणाल्या. “आमच्या देवळाम्होरं करा, वाजवत गाजवत. भावकीतल्या नानासोनं गेल्या साली त्याच्या आईची केली, तीन ढेपा भरली म्हातारी. समदा गाव अजून सांगतोय. आता गावाला माझी बघू द्या.” एवढं बोलून त्या कंबर धरून वैद्याकडे निघूनही गेल्या. काट्याचा दांडा अजून हेलकावे खात होता. वजन काही कळलं नव्हतं.

मी थप्पीमागून बाहेर आलो तो थेट केरबाचं नरडं धरायलाच. धरलंही. पण धरता धरता मला सुचलं आणि मी नरडं सोडून त्याचा मुकाच घेतला. अरे, तुला होणार आत्यांच्या गावात, आणि तिथूनच मी त्यांना गाडीतून नेणार! म्हणजे निघायच्या आधी, भर देवळासमोर, सगळ्या गावाच्या साक्षीनं आत्यांचं नेमकं वजन मला कळणार! तिथल्या तिथं चकत्या फिरवायच्या आणि गाडी सोडायची! इतका चोख बेत कर्नलसाहेबांनासुद्धा जमला नसता. मला त्या रात्री झोप आली नाही, इतका मी खूश होतो.

तो दिवस उजाडला. गुंडा आणि केरबा गूळ आणि काटा घेऊन ट्रकनं पुढं गेले. मी मागून लाल गाडीनं. कवठे महांकाळला काय गर्दी! हलगी कडाडत होती, लेझीम चालू होती, झाडावर माणसं होती. आत्या नवं हिरवं लुगडं नेसून नवरीसारख्या बसल्या होत्या. पहिल्या रांगेत भावकीतले नानासो मिशीवर हात ठेवून उभे होते आणि तीन ढेपांच्या वर जातंय कोण, अशा नजरेनं बघत होते. दादासोंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पाव्हणं, आज जर आक्का नानासोच्या आईपेक्षा कमी भरली, तर साताऱ्याचं नाव ती पुन्हा काढू देणार नाही. आता आत्यांची कंबरच नव्हे, आत्यांचं वजनसुद्धा माझ्या लग्नाच्या आड आलं होतं.

केरबानं तीन बांबूंच्या तिवईला काटा टांगला. एवढ्यात अंजना आली. आत्याला फळी टोचेल म्हणून पारड्यात टाकायला घडी केलेलं घोंगडं तिनं आणलं होतं. ती आणि तिची चुलती अशा दोघी मिळून ते घेऊन आल्या आणि दोघींचेही चेहरे लाल झाले होते. एका घोंगड्याला दोन बायका कशाला, हा प्रश्न मला त्या वेळी पडायला हवा होता. पण अंजनानं जाता जाता माझ्याकडे बघितलं, आणि मग प्रश्न कुठला पडतोय!

आत्या घोंगड्यावर बसल्या. बसताना जरा तोंड वाकडं केलं, पण बसल्या. हलगी थांबली. केरबानं एक ढेप चढवली. दुसरी चढवली. पारडं हललं नाही. तिसरी चढवली आणि सगळ्या गावानं श्वास रोखला. पारडं तसंच! नानासोंचा हात मिशीवरून खाली आला. मग केरबानं एक ढेप फोडून निम्मी ठेवली, आणि दांडा हळूहळू सरळ झाला.

“साडेतीन!” केरबा ओरडला, आणि हलगीवाल्यानं अशी हलगी वाजवली की देवळावरची कबुतरं आटपाडीच्या दिशेनं गेली ती परत आली नाहीत. नानासो तंबाखू मळत घरी गेले. गाव गुळावर तुटून पडलं. आणि मी? मी गाडीखाली! साडेतीन ढेपा, म्हणजे गणितानं चकती जवळजवळ शेवटच्या दातापर्यंत कडक. टक्‌, टक्‌, टक्‌! चारही चाकांना फिरवलं आणि बाहेर आलो तेव्हा माझ्या तोंडाला वंगण होतं आणि मनात बँड वाजत होता.

दादासो, गुंडा आणि चार पाहुणे तुला आटोपताच एसटीनं पुढं निघाले होते. आत्या गाडीपाशी आल्या. मी माझ्या सीटची गादीसुद्धा काढून त्यांच्या गादीवर ठेवली आणि स्वतः नुसत्या फळीवर बसलो. इतका भरवसा होता माझा! त्यावर आत्यांनी ते घोंगडंही आठपदरी करून घातलं आणि चढून बसल्या. अंजनानं दुधाचा काठोकाठ तांब्या त्यांच्या मांडीवर दिला. गावानं जयजयकार केला, मी गिअर टाकला आणि आम्ही निघालो.

वेशीबाहेर पहिला खड्डा आला.

गाडी आदळली! अशी तशी नाही, घणाखाली ऐरण आदळावी तशी. माझे दात एकमेकांवर वाजले. तांब्यातलं निम्मं दूध काचेवर गेलं आणि तिथून आमच्यावर आलं. गाडी अशी ताठ झाली होती की चाकाखाली आलेला खडा मोठा की लहान, हे माझ्या माकडहाडाला कळत होतं. मी गाडी थांबवली. गेलं, लग्न गेलं! अंजना गेली! मी खाली उतरून चारही चकत्या तपासल्या. दात बरोबर होते.

“आत्या, मला काही कळत नाही,” मी रडकुंडीला येऊन म्हणालो. “गाडी मी तुमच्याच वजनाला लावली आहे. काट्यावर भरलं तेवढ्याला, नेमकी. साडेतीन ढेपांचं माणूस बसलं तर ही गाडी आदळूच शकत नाही. ही आदळते याचा अर्थ, एकतर माझं गणित चुकलं, नाहीतर देवासमोरचा काटा खोटा.”

आत्यांच्या तोंडातून शिवी बाहेर पडायच्या बेतात होती, ती तिथंच थांबली. “गाडीचा आन काट्याचा काय संबंध?” त्यांनी विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं. स्प्रिंग, चकती, दात, ढेपा. आत्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत होता. मग त्यांनी पदरानं काच पुसली, स्वतःचं तोंड पुसलं, तांब्या उचलला आणि राहिलेलं दूध एका दमात पिऊन टाकलं.

“उनानं नासलं असतं,” त्या म्हणाल्या. “आन गाडी कुठं आदळली? मऊ तर हाय. चला.”

मला हे ऐकून काय वाटलं ते कसं सांगू! मी गाडी अशी सोडली की बस्स! आणि ती आदळत राहिली. मिरजेला आदळली, सांगलीला आदळली, पेठ नाक्यावर तर गाडी आणि मी वेगवेगळे वर गेलो आणि वेगवेगळे खाली आलो. दर खड्ड्याला मी भीत भीत आत्यांकडे बघायचो आणि आत्या समोर नजर लावून म्हणायच्या, “झोपाळाच की.” कऱ्हाडला मी विचारलं, थोडी मऊ करू का? त्या जवळजवळ ओरडल्याच, “नगं! देवाम्होरल्या काट्यानं सांगितलंय ते बरोबर हाय.” तेव्हा मला खात्री पटली की गाडी मऊच आहे. माझीच कंबर नाजूक निघाली. नऊ वर्षं लष्करात काढून ही कंबर! मला स्वतःची लाज वाटली. उंब्रजच्या पुढं कुठंतरी माझ्या कंबरेत कट्‌ असा आवाज झाला, आणि मग मात्र मला काहीच वाटेनासं झालं.

घरापुढं मंडप घातल्यासारखी गर्दी होती. आई भाकरतुकडा ओवाळायला उभी होती, दादासो उभे होते, गल्लीतली माणसं ओट्यांवर होती. आत्या गाडीचं दार धरून उतरल्या, पदर सावरला आणि उभ्या राहिल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी उतरायला गेलो आणि मला पाचगणीचे पारशीबाबा आठवले. उठताच येईना! जोर केला, तसा मी दारातून सरपटत बाहेर आलो, दोन पावलं वाकूनच गेलो आणि माझं डोकं थेट आत्यांच्या पायांवर जाऊन टेकलं.

बरं, टेकलं तर उचलावं. पण कंबर जिथं घडी पडली तिथंच राहिली. मी आत्यांच्या पायांवर डोकं ठेवून उभा, मागून सूर्य, समोर सगळी गल्ली. आत्या म्हणाल्या, “आसूं द्या, उठा आता.” मी उठलो नाही. त्यांनी पाठीवर हात ठेवला, सुखी ऱ्हावा म्हणाल्या. मी उठलो नाही. आईसुद्धा हातात भाकरतुकडा धरून चकित झाली, कारण तिच्यापुढं मी कधी एवढा वाकलो नव्हतो.

“दादासो,” त्या म्हणाल्या, “इतका येळ पायावर डोस्कं ठिवणारं माणूस मी उभ्या जल्मात बघितलं न्हाई. घर बघायचं काय कारण न्हाई. साखर वाटा.”

“आन गाडी, आक्का?” दादासोंनी दबकत विचारलं.

“गाडीला काय धाड भरलीया? गादीवर बसून आल्यागत आले.”

साखर वाटली गेली. माझ्या तोंडात गुंडानं खालून घातली.

लग्न झालं. हळदीच्या दिवशी मला हळद कमी आणि सांगलीच्या हाडवैद्याचं तेल जास्त लागलं, सप्तपदी मी धोतराच्या आत पट्टा बांधून पुरी केली. चार दिवसांनी अंजनाचं रुखवताचं सामान लावत होतो, त्यात तिच्या माहेरचा पाटा-वरवंटा होता. मी तो उचलायला गेलो आणि तसाच खाली बसलो. केवढा जड!

“एक ढेप भरतुया,” अंजना सहज म्हणाली. “वरवंट्यासकट. मी घरी तोलून बघितला हुता.”

मग मला ते घोंगडं आठवलं, आणि ते घेऊन येणाऱ्या दोघी आठवल्या.

“आत्या अडीचच ढेपांची हाय,” अंजना म्हणाली. “नानासोच्या आईपरास कमी भरली असती, तर तुमचं लगीन हुतंय व्हय? मी म्हटलं हुतं न्हवं, बाकी समदं मी सांभाळते म्हणून? आन आत्या तरी गाडीला कशी नावं ठेवंल? देवाम्होरं पाट्यावर बसल्याली बाई!”

मला राग यायला हवा होता. पण मला काय आलं सांगू? आनंद! मी पट्टा आवळून अंगणात धावलो, म्हणजे जमेल तेवढा धावलो. माझं गणित चुकलं नव्हतं! आत्या आणि पाटा मिळून साडेतीन ढेपा, आणि साडेतीन ढेपांना माझी गाडी बरोबर होती! गुंडाला पाटा-वरवंटा सीटमागं ठेवायला लावला. दिवाळीला आत्यांना आणायला गेलो, मांडीवर तांब्या दिला आणि कवठे महांकाळपासून साताऱ्यापर्यंत दुधाचा थेंब सांडला नाही. आत्या दर खड्ड्याला मागे वळून पाट्याकडे बघत होत्या.

चकत्या सैल करा की, असं तुम्ही म्हणाल. अंजनाही म्हणते. पण त्या फिरवायला गाडीखाली उताणं पडावं लागतं, आणि वैद्यानं मला ते जन्मभरासाठी बंद केलंय. गुंडाला मी हात लावू देत नाही. इतकं बरोबर जुळलेलं गणित मी बिघडवू देईन का? त्यामुळे पाटा-वरवंटा गाडीतच असतो. चटणी वाटायची झाली की अंजना गाडीत जाऊन बसते.